हार्लेमची नेत्रवैद्या आणि आपल्या दारातील मोतीबिंदू

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचे पहिले एकोणीस अध्याय नेत्ररोगांना वाहिलेले आहेत, हे शालाक्यतंत्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. शहात्तर नेत्ररोगांची गणना, त्यांतील साध्य कोणते आणि असाध्य कोणते याचा विवेक, आणि सतराव्या अध्यायातील कफज लिंगनाशाचे शस्त्रकर्म हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे व तो असावाही. परंतु हा अभिमान संमेलनातील भाषणांपुरता उरला, तर मुखेड किंवा जळकोट तालुक्यातील एखाद्या खेड्यात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे ओसरीवर बसून दिवस कंठणाऱ्या वृद्धेला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न आम्हांस वारंवार अस्वस्थ करतो.

या प्रश्नाच्या अनुषंगाने आम्ही प्रस्तुत लेखात ज्या वैद्यक व्यावसायिकेचा परिचय करून देत आहोत, त्या ना आयुर्वेदाच्या, ना भारताच्या. त्यांचे नाव डॉ. पॅट्रिशिया बाथ. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात जन्मलेल्या या नेत्रशल्यविशारदेने मोतीबिंदू काढण्यासाठी लेसरचे उपकरण शोधले आणि वैद्यकीय उपयोगाच्या शोधासाठी पेटंट मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय महिला डॉक्टर म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांच्या चरित्रात हेच पहिल्या ओळीत सांगितले जाते. आमच्या मते मात्र त्यांचे मोठेपण त्या उपकरणाच्या आधीच, म्हणजे त्या अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असताना, सिद्ध झाले होते.

कृष्णवर्णीय अमेरिकन समाजाची व्यथा मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८६७ मध्ये रिबेका कोल या कृष्णवर्णीय तरुणीने वैद्यकीय पदवी घेतली होती. जिला शिकण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, अशा स्त्रीने वैद्यक शिकावे, ही दोन्हीकडची धडपड एकाच छताखाली झाली, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

पॅट्रिशिया यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. वडील रूपर्ट हे त्रिनिदादहून आलेले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे ते पहिले कृष्णवर्णीय चालक. आई ग्लॅडिस यांनी दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी व झाडलोट करून मुलांच्या शिक्षणासाठी पैसा साठविला आणि मुलीला रसायनशास्त्राच्या प्रयोगांची पेटी आणून दिली. त्या पेटीने मुलीला विज्ञानाचा नाद लागला. १९६४ मध्ये हंटर कॉलेजची पदवी आणि १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी मिळविली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पुढे गरिबांच्या हक्कांसाठी हजारो लोक वॉशिंग्टनमध्ये तंबू ठोकून राहिले, तेव्हा बाथ यांनी हॉवर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना संघटित करून त्या तंबूंत आरोग्यसेवा दिली.

दोन बाह्यरुग्ण विभाग

पदवीनंतर त्या हार्लेम रुग्णालयात अनुभव घेण्यासाठी परतल्या आणि पाठोपाठ कोलंबिया विद्यापीठाच्या नेत्रसंस्थेतही काम करू लागल्या. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात, एकमेकांपासून फार दूर नाहीत. परंतु हार्लेमच्या नेत्रविभागात बाकावर बसलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे अंध किंवा अधू दृष्टीचे होते आणि कोलंबियाच्या नेत्रविभागात असे रुग्ण क्वचितच दिसत. हे दृश्य अनेक डॉक्टरांनी त्यापूर्वी पाहिले असणार. कोणी त्यास दैव म्हटले असेल, कोणी वंशाचा दोष मानला असेल, आणि बहुतेकांनी त्यावर विचारच केला नसेल. या तरुण डॉक्टर स्त्रीने मात्र कागद घेऊन मोजणी सुरू केली.

त्यांनी केलेल्या अभ्यासातून कृष्णवर्णीयांत अंधत्वाचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या दुप्पट असल्याचे पुढे आले. काचबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वात तर हे अंतर आठपटींपर्यंत होते. काचबिंदूत वंशपरंपरेचा भाग असतो, हे खरे आहे. परंतु बाथ यांचा मुख्य निष्कर्ष असा होता की, हे लोक नेत्रचिकित्सकापर्यंत वेळेवर पोहोचतच नाहीत. हार्लेमच्या रुग्णालयात तेव्हा डोळ्यांची मोठी शस्त्रक्रियाच होत नव्हती. बाथ यांनी कोलंबियातील आपल्या प्राध्यापकांकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला, त्यांना हार्लेममध्ये येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करण्यास राजी केले आणि स्वतः साहाय्यक म्हणून उभ्या राहिल्या. १९७० मध्ये हार्लेम रुग्णालयात डोळ्यांची पहिली मोठी शस्त्रक्रिया झाली.

येथे वैद्यबंधू-भगिनींनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. अंधत्वाचे निदान करताना आपण दोष, दूष्य, पटल यांचा विचार करतो. बाथ यांनी त्यात आणखी एका हेतूची भर घातली: रुग्ण आणि शस्त्र यांच्यामधील अंतर. हे अंतर मैलांचे असते, पैशांचे असते, कधी जातीचे वा वर्णाचे असते, आणि पुष्कळदा घरातील स्त्री-पुरुषभेदाचे असते. त्यातून त्यांनी एक नवी शाखा मांडली. तिला सामुदायिक नेत्रवैद्यक म्हणता येईल. तीत शिकविलेले स्वयंसेवक वृद्धांच्या वस्त्यांत आणि बालवाड्यांत स्वतः जाऊन दृष्टी तपासतात. ज्यास मोतीबिंदू वा काचबिंदूची शंका येईल त्यास पुढे पाठवितात आणि ज्या मुलास चष्मा हवा त्यास तो मिळवून देतात. १९७६ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह अंधत्व प्रतिबंधासाठी एक संस्था स्थापन केली. दृष्टी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे तिचे आधारभूत तत्त्व. नवजात बालकांच्या डोळ्यांत संसर्ग टाळणारे थेंब, 'अ' जीवनसत्त्व, गोवराची लस अशा साध्या उपायांचाही तिच्या कार्यात समावेश होता. योगायोग असा की, भारत शासनाचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ मध्येच सुरू झाला.

दरम्यान १९७० ते १९७३ या काळात न्यूयॉर्क विद्यापीठात नेत्रवैद्यकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय डॉक्टर ठरल्या. याच काळात त्या आई झाल्या. १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ज्यूल्स स्टाइन नेत्रसंस्थेत त्या अध्यापक म्हणून रुजू झाल्या. त्या विभागातील ती पहिलीच महिला अध्यापक. त्यांना बसण्यासाठी जी खोली देऊ केली गेली ती तळघरात, प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या शेजारी होती. बाथ यांनी वर्णभेदाचा वा स्त्रीद्वेषाचा आरोप केला नाही. ही जागा योग्य नाही, एवढेच सांगितले, दुसरी जागा मिळविली आणि कामाला लागल्या. १९८३ मध्ये नेत्रवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रशिक्षण कार्यक्रमाच्या त्या प्रमुख झाल्या. अमेरिकेत असे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

यववक्त्रा शलाका ते लेसर शलाका

आता त्यांच्या शोधाविषयी. तो समजण्यासाठी आपण आपल्याच ग्रंथापासून आरंभ करणे सोयीचे होईल. लिंगनाशाच्या शस्त्रकर्मासाठी सुश्रुताचार्यांनी जी शलाका सांगितली ती आठ अंगुळे लांब, मध्यभागी सूत्राने वेढलेली, अंगठ्याच्या पेराएवढी जाड, दोन्ही टोकांस कळीच्या आकाराची आणि तांबे, लोह किंवा सुवर्णाची. रुग्णाची दृष्टी नासाग्राकडे स्थिर करावी, शिरांना टाळून दैवकृत छिद्राच्या स्थानी वेध घ्यावा, डावा डोळा उजव्या हाताने व उजवा डोळा डाव्या हाताने विंधावा. योग्य वेध झाल्याची खूण म्हणजे जलबिंदूचे बाहेर येणे आणि विशिष्ट शब्द. त्यानंतर घृताक्त वस्त्राचे बंधन, उताणे शयन आणि शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे यांचा निग्रह. कोणत्या लिंगनाशावर शस्त्र चालवू नये, याचीही यादी आचार्य देतात. अर्धचंद्राकार, घर्मबिंदूसारखा, मोत्याच्या आकाराचा, मध्ये पातळ असलेला, अशी ती वर्ज्य लक्षणे आहेत. शस्त्राइतकाच शस्त्र न चालविण्याचा विवेक येथे महत्त्वाचा मानला आहे.

परंतु हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे की, या कर्मात अपारदर्शक झालेले भिंग दृष्टिमार्गातून बाजूस सारले जात असे. ते डोळ्यातून बाहेर काढले जात नसे. पुढे जंतुसंसर्ग, नेत्रांतर्गत दाब वाढणे, दाह असे उपद्रव पुष्कळांस होत. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये अवलंबिली. लंडनच्या हॅरॉल्ड रिड्ली यांनी १९४९ मध्ये कृत्रिम भिंग बसविले. न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची युक्ती काढली. तिलाच आज आपण फेको म्हणतो. केलमन यांच्या पद्धतीने छेद लहान झाला, टाके गेले, रुग्णाचे उताणे पडून राहणेही गेले.

बाथ यांना १९८१ मध्ये कल्पना सुचली ती अशी की, ध्वनिलहरींच्या जागी लेसर किरण वापरावेत. त्या काळी यासाठी लागणारे लेसर अमेरिकेत सहज उपलब्ध नव्हते, म्हणून त्या बर्लिनला गेल्या. सुमारे पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर जे उपकरण सिद्ध झाले त्याची रचना मूलतः सोपी आहे. मध्ये बारीक प्रकाशतंतू. त्यातून लेसर भिंगापर्यंत जातो. त्याच्याभोवती दोन मार्ग. एकातून द्रव आत येतो, दुसऱ्यातून भिंगाचा चुरा बाहेर शोषला जातो. हे सारे सुमारे एक मिलिमीटरच्या छेदातून. शलाका एकच, आणि तीतच भेदन, प्रक्षालन आणि आहरण ही तिन्ही कर्मे. या उपकरणाला त्यांनी लेसरफेको शलाका असे नाव दिले. डिसेंबर १९८६ मध्ये अर्ज केला आणि १७ मे १९८८ रोजी पेटंट मिळाले. पुढे त्यात सुधारणा करीत त्यांनी एकूण पाच अमेरिकी पेटंटे घेतली.

त्यांच्याविषयी अनेक ठिकाणी भाबडे लिहिले जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाच त्यांनी शोधली, असेही काही जण सांगतात. ते खरे नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडील बहुसंख्य शस्त्रक्रिया आजही केलमन यांच्या फेकोने किंवा लहान छेदाच्या हस्तपद्धतीने होतात. नवे उपकरण कितीही चतुर असले तरी ते महाग असते आणि महाग वस्तू हार्लेमला वा किनवटला सर्वांत शेवटी पोहोचते, हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच तर त्या उत्तर आफ्रिकेत सेवाकार्यासाठी गेल्या आणि तीस वर्षे अंध असलेल्या एका स्त्रीस कृत्रिम स्वच्छमंडल बसवून त्यांनी दृष्टी परत मिळवून दिली. आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम क्षण म्हणून त्या याच प्रसंगाचा उल्लेख करीत. १९९३ मध्ये त्या विद्यापीठातून निवृत्त झाल्या, दूरस्थ वैद्यकसेवेचा पुरस्कार करीत राहिल्या आणि ३० मे २०१९ रोजी त्यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश २०२२ मध्ये, म्हणजे मरणोत्तर झाला.

माकेगावचा मुलगा

हार्लेमच्या या कथेचा धागा आपल्या भूमीतही सापडतो. लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यातील माकेगाव हे डॉ. तात्याराव लहाने यांचे गाव. शेतकरी कुटुंब आणि घरची ओढग्रस्त. औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) वैद्यकीय शिक्षण घेऊन ते शासकीय सेवेत आले. ऐन उमेदीत दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. १९९५ मध्ये त्यांच्या मातोश्री अंजनाबाई यांनी आपले मूत्रपिंड दिले. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राहून त्यांनी मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि २००८ मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले. बाबा आमटे यांच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी घेतलेली नेत्रशिबिरे विशेष उल्लेखनीय आहेत. कारण ज्यांच्या अंगास हात लावण्यास समाज कचरत होता, त्यांच्या डोळ्यांवर शस्त्र चालविण्यास कितीजण तयार होते? जे. जे. च्या नेत्रविभागाची धुरा दीर्घकाळ सांभाळणाऱ्या डॉ. रागिणी पारेख या त्यांच्या कार्यातील सहकारी. २०१७ मध्ये मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र ही मोहीम हाती घेण्यात आली, तेव्हा तिच्या समन्वयाचे कार्य डॉ. लहाने यांच्याकडे सोपविण्यात आले. जे. जे. मधून ते व डॉ. पारेख २०२३ मध्ये बाहेर पडले.

बाथ यांनी उपकरण शोधले, डॉ. लहाने यांनी ते शोधले नाही. म्हणून तुलना अपुरी आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस साम्य दिसते ते निराळ्या ठिकाणी. दोघेही ज्या वस्तीत वाढले त्या वस्तीचे डोळे त्यांना दिसले आणि रुग्ण येण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियागृह रुग्णाच्या दिशेने नेण्याचा खटाटोप दोघांनी केला.

आपल्या दोन जिल्ह्यांचे चित्र

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के, म्हणजे तीनांत दोन. ज्या रोगावर अर्ध्या तासाहून कमी वेळात उपाय होतो, त्याच रोगाने इतके लोक अंधारात राहतात. स्त्रियांत अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळले. स्त्रिया अधिक जगतात, हे त्याचे एक कारण. परंतु ते एकमेव नाही. घरातील म्हाताऱ्याचा डोळा अधू झाला तर बाजार अडतो, सातबाऱ्यावर सही अडते, म्हणून त्यास लवकर नेले जाते. म्हातारी चुलीपाशी चाचपडत भाकरी करीतच राहते. तिचे कुणावाचून काही अडत नाही, असे घरच्यांस वाटते. तीही 'आता पिकलं पान, कशाला खर्च' असे म्हणते आणि विषय तेथेच संपतो.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, उदगीरचे लायन्स नेत्ररुग्णालय अशी ठिकाणे आपल्याकडे आहेत. शासकीय कार्यक्रमात कृत्रिम भिंगासह मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तथापि किनवट वा माहूरच्या तांड्यावरून व पाड्यावरून नांदेडला येणे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास, सोबत एक धडधाकट माणूस, त्याचा बुडालेला रोज आणि शहरात राहण्याची विवंचना. ऊसतोडीला गेलेले मुलगा-सून परत येईपर्यंत म्हातारा-म्हातारी थांबतात. शस्त्रक्रिया फुकट आणि अंधत्व मात्र कायम, या कोड्याचे उत्तर हार्लेममध्ये जे होते तेच येथेही आहे.

या वाटेवर पहिले दार आपले असते. नेत्रतज्ज्ञ तालुक्याला एखादाच, पण वैद्य आणि औषधी दुकान बाजाराच्या प्रत्येक गावी आहे. 'डोळ्यांत पडदा आलाय, थेंब द्या', अशी मागणी घेऊन माणूस प्रथम आपल्याकडे येतो. तेव्हा आपण काय करतो, यावर त्याची पुढील काही वर्षे अवलंबून असतात. नेत्रबिंदूंची बाटली देऊन त्यास परत पाठविले तर आपण व्यवसाय केला. त्याचा एक-एक डोळा झाकून तीन मीटरवरून बोटे मोजावयास लावली, तर वैद्यक केले. चांगल्या डोळ्यानेही ती मोजता येत नसतील, तर २०१७ पासून स्वीकारलेल्या व्याख्येप्रमाणे तो मनुष्य अंध गणला जातो. त्यास त्याच आठवड्यात पाठविले पाहिजे. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून त्यातून पाहिल्यावर दृष्टी सुधारली, तर दोष बहुधा चष्म्याचा असतो. यासाठी यंत्र लागत नाही.

'पिकल्यावर काढू' हा समज तर आपणच पुसला पाहिजे. जुन्या पद्धतीत भिंग अखंड काढावे लागे, तेव्हा ते पक्व होण्याची वाट पाहण्यास अर्थ होता. आज नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदू कठीण होतो, त्याचा द्रव झिरपून डोळ्यातील दाब वाढतो, डोळा लाल होऊन ठणकतो आणि कधी दृष्टी कायमची जाते. थंडीतच शस्त्रक्रिया करावी, हा आग्रहही तसाच. उन्हाळ्यात जखम चिघळते म्हणून दिवाळीपर्यंत थांबविलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत.

त्रिफळा घृत, तर्पण, सेक, आश्च्योतन यांचे स्थान आम्ही कमी लेखीत नाही. डोळ्यांचा कोरडेपणा, शीण, जळजळ यांत त्यांचा उपयोग आपण नित्य करतो. परंतु भिंगाची पूर्ण गेलेली पारदर्शकता थेंबांनी परत येते, असे सांगण्याचा अधिकार शास्त्र आपल्याला देत नाही. सुश्रुताचार्यांनीच तेथे शलाका हाती घेतली आहे. औषधालयचालकांनी हेही ध्यानात ठेवावे की, १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू आणि काचबिंदू हे तिन्ही आहेत. दुकानाच्या फलकावर 'शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू बरा' असे लिहिणे हा नुसता अतिशयोक्तीचा प्रश्न नसून गुन्हा आहे.

त्याहून गंभीर बाब काचबिंदूची. हार्लेममध्ये बाथ यांना तो आठपटींनी आढळला, आणि तो चोरासारखा येतो हे आपल्याकडेही तितकेच खरे आहे. वेदना नाही, लाली नाही. बाजूची दृष्टी हळूहळू आक्रसत जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूच्या रुग्णाला थांबविले तर पुष्कळदा काळच वाया जातो, काचबिंदूच्या रुग्णाला थांबविले तर डोळा जातो. चाळिशीपुढील ज्या व्यक्तीच्या आई-वडिलांस वा भावंडांस काचबिंदू आहे, आणि ज्या मधुमेही रुग्णास आपण वर्षानुवर्षे औषध देत आहोत, त्यांचा डोळ्याचा पडदा व दाब वर्षातून एकदा तपासून घेण्यास सांगणे हा आपल्या चिकित्सेचाच भाग समजावा.

आणि स्टेरॉइड. लाल डोळ्यास दोन दिवसांत आराम देणारे थेंब चिठ्ठीवाचून विकले जातात, रुग्ण तीच बाटली महिनोन्महिने वापरतो, आणि त्यातून दाबही वाढतो व मोतीबिंदूही होतो. आपल्या शेतात तुरीचे धसकट, उसाचे पाचट, ज्वारीची कूस डोळ्यात जाणे नित्याचे. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होण्याचे भय असते, आणि त्यात स्टेरॉइडचा थेंब पडला तर काळ्या बुबुळावर फूल पडून दृष्टी जाण्यास फार दिवस लागत नाहीत. सांधेदुखीवर हमखास गुण देणारी, नावगाव नसलेली चूर्णे बाजारात येतात. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. आयुर्वेदाच्या नावाने विकलेल्या पुडीने कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरावा, यापरती नामुष्की कोणती? सुरम्याविषयीही हेच. पारंपरिक सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो. शोधनाचा व परीक्षणाचा पुरावा नसलेली डबी आपल्या फळीवर नसावी, लहान मुलांसाठी तर मुळीच नसावी.

नोव्हेंबर २०२० मधील अधिसूचनेने शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर स्नातकांना काही शस्त्रकर्मांची मान्यता दिली आणि देशभर वाद उसळला. तो वाद येथे उकरण्याचा आमचा मानस नाही. शस्त्र कोणाच्या हाती असावे यावर तावातावाने बोलणारे दोन्ही बाजूंचे विद्वान, शस्त्रापर्यंत न पोहोचणाऱ्या रुग्णाबद्दल मात्र फारसे बोलत नाहीत, इतकेच नमूद करतो.

सभासदांपुढे आम्ही एक सूचना ठेवू इच्छितो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात एक साधी वही असावी. पन्नाशीपुढील जो रुग्ण कोणत्याही कारणाने येईल त्याचे वय, गाव, स्त्री की पुरुष, प्रत्येक डोळ्याने तीन मीटरवरून बोटे दिसतात की नाही, कोठे पाठविले, आणि दोन महिन्यांनी चौकशी करता गेला की नाही, व न गेल्यास का, एवढ्या बाबी तीत लिहाव्यात. शेवटचा रकाना भरण्यास सर्वांत कंटाळवाणा आहे आणि तोच सर्वांत मोलाचा. सोबतीला माणूस नाही, वाहन नाही, भीती वाटते, मुलगा ऊसतोडीला गेला आहे, 'आता कशाला' असे वाटते. कारण जे असेल ते रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. ज्या गावची नावे वहीत पुनःपुन्हा येतील, तेथील आशाताईंशी बोलून पाच-सहा रुग्णांना एकाच वाहनाने, एकाच दिवशी नेता येते. एका सोबत्यात सहा माणसे जातात आणि एकमेकांच्या धीराने शस्त्रक्रियेस बसतात. परत आल्यावर थेंब वेळेवर घातले जातात ना, डोळा चोळला जात नाही ना, धुराच्या चुलीपुढे बसणे काही दिवस टळले ना, हे पाहण्यासाठी शहरातील शल्यचिकित्सक गावात येणार नाही. ते काम पुन्हा आपल्याकडेच येते.